मॅग्नेटारचा स्फोट आणि मधली धूळ: नंतरची शेपटी ताऱ्याची की धुळीची?

मृगशीर्ष

मॅग्नेटार म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा. त्याच्या स्फोटांविषयी वाचताना एक विधान वारंवार समोर येते. स्फोटानंतर क्ष-किरणांची तीव्रता काही तास किंवा दिवस हळूहळू घटत गेली, वर्णपट मृदू होत गेला (म्हणजे कमी ऊर्जेच्या किरणांकडे झुकत गेला), आणि यावरून न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावरील तापलेला भाग थंड होत असल्याचे दिसते, असे ते विधान असते. या निष्कर्षाला माझा सरसकट विरोध नाही. परंतु तारा आणि आपण यांच्या मध्ये जी धूळ आहे, तीही अगदी अशीच घटती आणि मृदू होत जाणारी शेपटी निर्माण करू शकते. तिचा हिशेब आधी मांडल्याशिवाय ताऱ्याच्या तापमानाविषयी बोलणे घाईचे ठरते. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. आंतरतारकीय धुळीचे कण एक दशांश मायक्रोमीटरच्या आसपासचे असतात. अशा कणावर क्ष-किरण पडला की कणातील असंख्य इलेक्ट्रॉन एकसमयाने त्याचे प्रकीर्णन करतात आणि किरण आपल्या मार्गापासून अगदी थोडा वळतो. एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेच्या किरणासाठी हा कोन साधारण १० कला असतो (६० कलांचा एक अंश, ६० विकलांची एक कला). ऊर्जा दुप्पट केली की कोन निम्मा होतो, आणि कण मोठा असला तरीही कोन लहान होतो. प्रकीर्णनाची शक्यता मात्र कणाच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे संख्येने थोडे असलेले मोठे कणच या कामात पुढे असतात. परिणामी तेजस्वी क्ष-किरण उगमाभोवती एक फिकट खळे दिसते. असे खळे आइन्स्टाइन वेधशाळेच्या निरीक्षणांत जीएक्स ३३९-४ या उगमाभोवती आढळल्याचे १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९७३ मध्ये, ट्रुम्पर आणि शोनफेल्डर यांनी दाखवून दिले होते की उगम बदलता असेल तर खळ्यातील किरणांच्या विलंबावरून त्याचे अंतर काढता येईल.

मॅग्नेटारच्या बाबतीत हा विलंबच सर्वांत महत्त्वाचा आहे. स्फोट बहुधा सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टिकतो. धुळीकडून वळून आलेला किरण सरळ किरणापेक्षा थोडा लांबचा रस्ता चालतो आणि उशिरा पोहोचतो. हिशेबाला सोयीचे सूत्र असे आहे: सेकंदांतील विलंब म्हणजे ४,३५० गुणिले उगमाचे अंतर (किलोपार्सेकमध्ये; एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे) गुणिले कोनाचा वर्ग (कोन कलांमध्ये) गुणिले य भागिले (१ − य). येथे य म्हणजे धुळीचे अंतर भागिले उगमाचे अंतर. उगम ४ किलोपार्सेकवर आणि ढग बरोबर मध्यावर असेल, तर १ कला अंतरावर दिसणारा किरण सुमारे १७,४०० सेकंद, म्हणजे पावणेपाच तासांहून थोडा अधिक उशिरा येतो. ३ कलांवरचा किरण यायला जवळजवळ दोन दिवस लागतात.

यावर उपाय सोपा आहे असे माझे मत आहे: मोजणीचे वर्तुळ पुरेसे लहान घेतले की उशिरा आलेले किरण बाहेर राहतात. जाणकारांनी मत द्यावे.

दुर्बिणवाला

विषय उत्तम आहे. ‘खळे’ शब्दामुळे गैरसमज होऊ नये म्हणून एक छोटा खुलासा करतो. चंद्राभोवती २२ अंशांवर जे खळे पडते, ते बर्फाच्या स्फटिकांतील अपवर्तनामुळे पडते. धुळीचे क्ष-किरण खळे त्या जातीचे नाही. विरळ ढगाआडून चंद्र पाहताना त्याला लागून जी दुधाळ, किंचित रंगीत तबकडी दिसते, ती लहान थेंबांमुळे होणाऱ्या विवर्तनाची असते, आणि उपमा द्यायचीच तर तिची द्यावी. शब्द म्हणून ‘खळे’ मला आवडला, तो राहू द्यावा.

पहाटवारा

सामान्य वाचक म्हणून एक शंका विचारते. धूळ असेल तर किरण शोषले जातील आणि उगम मंद दिसेल, इथपर्यंत समजते. मग शोषण आणि प्रकीर्णन यांपैकी अधिक त्रास कोणाचा? शिवाय स्फोट अतितीव्र असताना खळ्यासारख्या फिकट गोष्टीची एवढी काळजी कशासाठी करायची?

मृगशीर्ष

पहाटवारा, दोन्ही प्रश्न योग्य आहेत. शोषण हे कायमचे नुकसान असते. तो किरण पुन्हा मिळत नाही, आणि वर्णपटाचा अभ्यास करताना वायू व धूळ मिळून होणारे शोषण सर्वजण हिशेबात धरतातच. प्रकीर्णनाने किरण नष्ट होत नाही. त्याची जागा आणि वेळ बदलते, आणि म्हणूनच तो भलत्या खात्यावर जमा होण्याची शक्यता राहते.

आकड्यांत सांगते. प्रेडेल आणि श्मिट यांनी १९९५ साली रोसॅट उपग्रहाच्या निरीक्षणांवरून असा संबंध दिला की १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला प्रकीर्णनाची जाडी (किती किरण वाटेत वळतात हे ठरवणारी संख्या) दृश्य प्रकाशातील क्षीणनाच्या, म्हणजे मंदावण्याच्या (प्रत या तेज मोजण्याच्या एककात) ०.०८७ पट असते आणि ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. आकाशगंगेच्या प्रतलात दडलेल्या एखाद्या मॅग्नेटारसाठी हे क्षीणन १८ प्रती धरू. याचा अर्थ दृश्य प्रकाश दीड कोटींहून अधिक पटींनी मंदावतो. अशा दिशेने येणाऱ्या २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश किरण वाटेत वळतात. ५ ला हे प्रमाण ६ टक्क्यांवर येते आणि १० ला दीड टक्क्याच्या आसपास उरते. १ च्या खालचे किरण मोठ्या प्रमाणात शोषलेच जातात, म्हणून प्रत्यक्षात हा सगळा खेळ दीड ते चार किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात चालतो. दुर्दैवाने मॅग्नेटारच्या तप्त पृष्ठभागाचे उत्सर्जनही नेमके याच पट्ट्यात ठळक असते.

दुसरा प्रश्न: स्फोट अतितीव्र असतो म्हणूनच काळजी करायची. तो नेहमीच्या पातळीपेक्षा हजारो पटींनी तेजस्वी असेल आणि त्याचा थोडासाच अंश काही तासांवर पसरला, तरी तो अंश नेहमीच्या पातळीच्या बरोबरीला येऊ शकतो. कोकणकड्यावर उभे राहून हलकेच बोलले तर काही ऐकू येत नाही, पण मोठी हाक मारली की ती परत येते, तसे हे आहे.

सांख्यिक

धागाकर्त्या मृगशीर्ष यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे. लहान वर्तुळाचा उपाय पुरा पडत नाही, आणि त्यांचेच सूत्र तसे सांगते.

४ किलोपार्सेक आणि मध्यावरचा ढग हेच उदाहरण घेऊ. स्विफ्ट उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या प्रतिमांवर बऱ्याचदा २० चित्रबिंदूंचे, म्हणजे सुमारे ४७ विकलांचे वर्तुळ घेतले जाते. ४७ विकलांशी जुळणारा विलंब जवळजवळ तीन तासांचा निघतो. म्हणजे स्फोटानंतरचे पहिले तीन तास हा प्रतिध्वनी, म्हणजे धुळीकडून वळून उशिरा आलेला प्रकाश, पूर्णपणे त्या वर्तुळाच्या आतच असतो. चंद्रा वेधशाळेची प्रतिमा याहून कितीतरी रेखीव, अर्ध्या विकलेची असते. पण अर्ध्या विकलेलाही विलंब सव्वा सेकंदाच्या आसपास आणि एका विकलेला जवळजवळ पाच सेकंद असतो. जो स्फोट स्वतः ०.१ सेकंदाचा आहे, त्याच्यामागे पाच सेकंदांची मृदू शेपटी कोणत्याही दुर्बिणीला वेगळी काढता येणार नाही. वर्तुळ लहान केल्याने दूषित काळ आखडतो, नाहीसा होत नाही. उलट सरळ किरणांपैकी जे वळले ते बाहेर गेल्यामुळे स्थिर उगमाचा मृदू भाग कमी मोजला जातो, आणि मग ती तूट भरून काढण्यासाठी शोषणाचा आकडा नकळत फुगवला जातो.

आता या प्रतिध्वनीचा आकार पाहू, कारण त्यात एक गंमत आहे. एका ढगाकडून येणारा प्रतिध्वनी उगमाभोवती पसरत जाणाऱ्या वलयासारखा दिसतो. कोनाचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो, म्हणून समान कालावधीत वलय समान क्षेत्रफळ पादाक्रांत करते. कोन लहान असेपर्यंत प्रकीर्णनाची शक्यताही जवळजवळ सारखी राहते. त्यामुळे प्रतिध्वनीची एकूण तीव्रता सुरुवातीला सपाट राहते आणि वलय ठरावीक कोनाच्या पलीकडे गेले की घसरते. तो कोन अधिक ऊर्जेच्या किरणांसाठी लहान असतो, म्हणून कठीण किरण आधी विझतात, मृदू किरण नंतर विझतात, आणि वर्णपट आपोआप मृदू होत जातो. थंड होणाऱ्या पृष्ठभागाकडून आपली अपेक्षा हीच असते. दोन पूर्णपणे वेगळ्या कारणांचे चेहरे इतके सारखे क्वचितच असतात.

पहाटवारा

मग ओळखायचे कसे?

सांख्यिक

माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी स्पंदांची आहे. मॅग्नेटार काही सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि त्याच्या पृष्ठभागाचे उत्सर्जन त्या लयीत कमीजास्त होते. वळून आलेल्या किरणांचे विलंब मिनिटांपासून तासांपर्यंत विखुरलेले असतात, म्हणून त्यांच्यात ती लय शिल्लक राहत नाही. शेपटी ताऱ्याची असेल तर तिच्यात स्पंद दिसले पाहिजेत. शेपटी वाढूनही स्पंदांची निरपेक्ष उंची तेवढीच राहिली आणि केवळ स्पंदहीन भाग वाढला, तर धुळीवर संशय घ्यावा.

दुसरी कसोटी म्हणजे प्रतिमेचा त्रिज्येनुसार उतार बिंदूच्या अपेक्षित पसाऱ्याशी (बिंदुवत उगम त्या दुर्बिणीत जेवढा पसरट दिसतो त्याच्याशी) ताडून पाहणे. तिसरी थोडी आडवाटेची आहे. प्रतिध्वनीचे वलय मोजणीच्या वर्तुळाबाहेर पडते त्या क्षणी तीव्रतेत पायरी दिसायला हवी, आणि वर्तुळाची त्रिज्या बदलली की ती पायरी वेळेत सरकायला हवी. खऱ्या थंडावण्याला तुम्ही किती मोठे वर्तुळ काढले याच्याशी काहीही देणेघेणे नसते.

दुर्बिणवाला

प्रत्यक्ष उदाहरणाशिवाय ही चर्चा अधांतरी राहील, म्हणून १ई १५४७.०-५४०८ या मॅग्नेटारविषयी लिहितो. त्याचा आवर्तकाल २.०७ सेकंद आहे. २२ जानेवारी २००९ रोजी त्याने एका दिवसात अनेक प्रखर स्फोट केले. पुढच्या दोन आठवड्यांत स्विफ्ट आणि एक्सएमएम-न्यूटन यांनी घेतलेल्या प्रतिमांत त्याच्याभोवती एक सोडून तीन वलये दिसली, आणि ती दिवसागणिक मोठी होत होती. टिएंगो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तीन वलये म्हणजे वाटेतले तीन वेगळे धूलिमेघ. सर्वोत्तम जुळलेल्या धूलिप्रतिमानानुसार (धुळीच्या कणांविषयी गृहीत धरलेल्या आराखड्यानुसार) मॅग्नेटार ३.९१ किलोपार्सेकवर आणि ढग २.२, २.६ व ३.४ किलोपार्सेकवर निघाले. कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ निरीक्षणांतून मिळणाऱ्या वायूच्या वाटणीशी हे आकडे चांगले जुळतात.

मृगशीर्ष यांचे सूत्र या आकड्यांना लावून पाहिले. स्फोटानंतर एका दिवसाने सर्वांत जवळच्या ढगाचे वलय २ कला, मधल्याचे १.६ कला आणि मॅग्नेटारलगतच्या ढगाचे जेमतेम ०.९ कला त्रिज्येचे असायला हवे. ४७ विकलांच्या वर्तुळातून पहिले वलय पावणेचार तासांत बाहेर पडते, तर शेवटचे तब्बल १९ तास आत रेंगाळते. उगमाजवळची धूळ अधिक फसवी असते, ती यामुळे. ती ताऱ्याला चिकटून राहते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचे. तेजस्वी वलयाच्या प्रकाशावरून मागे जाऊन हिशेब केला असता, ते वलय उमटवणाऱ्या स्फोटाची ऊर्जा १ ते १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात १० च्या ४४ व्या ते ४५ व्या घाताइतकी अर्ग (ऊर्जेचे एकक) निघाली. अतितीव्र स्फोट समोरासमोर मोजताना कित्येक शोधक संपृक्त होतात (त्यांची मोजण्याची क्षमता संपते), आणि मृदू क्ष-किरणांच्या प्रतिमा घेणारी दुर्बीण त्या क्षणी त्या दिशेला वळलेली असेलच असे नाही. धुळीने मात्र त्या क्षणाची नोंद ठेवली आणि ती सवडीने, हप्त्याहप्त्याने आपल्यापर्यंत पोहोचवली.

मृगशीर्ष

सांख्यिक, आपली दुरुस्ती मान्य आहे. अर्ध्या विकलेचा हिशेब मी स्वतः करून पाहायला हवा होता.

दुर्बिणवाला, अंतराच्या आकड्याबाबत थोडी सावधगिरी मला आवश्यक वाटते. वलयाच्या वाढीवरून प्रत्येक ढगासाठी एकच संख्या मिळते, आणि तिच्यात ढगाचे व उगमाचे अंतर एकमेकांत गुंतलेले असते. तीन वलये म्हणजे तीन समीकरणे, पण अज्ञाते चार. चौथी गाठ सोडवण्यासाठी वलयाची तीव्रता कोन आणि ऊर्जेनुसार कशी घटते हे पाहावे लागते, आणि तिथे धुळीच्या कणांचा आकार व घटक यांविषयीचे प्रतिमान आत शिरते. त्याच शोधनिबंधात वेगवेगळी प्रतिमाने धरून ४ ते ८ किलोपार्सेक असा पल्ला निघतो, आणि जवळजवळ तितकीच चांगली जुळणारी काही प्रतिमाने ५ किलोपार्सेकच्या आसपास नेतात. ०.०७ किलोपार्सेकची जी अनिश्चितता ३.९१ सोबत छापली जाते, ती एक प्रतिमान खरे मानल्यानंतरची आहे.

दुर्बिणवाला

मान्य. ढगाचे अंतर स्वतंत्रपणे कळले तर मात्र प्रतिमानावरचे अवलंबित्व सुटते. गैया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या अंतरांवरून धुळीचे त्रिमितीय नकाशे बनले आहेत आणि काही किलोपार्सेकच्या टापूत त्यांचा उपयोग होतो.

खगोलमित्र कोल्हापूर

उशिरा येत आहे. एसजीआर १९३५+२१५४ चा उल्लेख अजून कसा झाला नाही याचे आश्चर्य वाटते. २८ एप्रिल २०२० रोजी याच मॅग्नेटारकडून तेजस्वी रेडिओ स्फोट आला आणि तो चाइम व स्टेअर२ या रेडिओ यंत्रणांनी टिपला. त्याच क्षणी इंटिग्रल, इनसाइट-एचएक्सएमटी, अजिले आणि कोनस-विंड या अवकाशातील उपकरणांनी क्ष-किरणांचा स्फोट नोंदवला. आदल्या दिवशी या ताऱ्याने स्फोटांची सरबत्ती केली होती. स्विफ्टच्या प्रतिमेत धुळीचे वलय दिसले, आणि मेरेगेट्टी व सहकाऱ्यांनी त्यावरून ४.४ किलोपार्सेक हे अंतर काढले. त्याची अनिश्चितता मोठी आहे: वरच्या बाजूला २.८, खालच्या बाजूला १.३. तरीही ज्या अतिनवताऱ्याच्या अवशेषाशी हा मॅग्नेटार जोडला जातो, त्याच्या अंतराचे अंदाज ६.६ पासून १२.५ किलोपार्सेकपर्यंत पसरलेले होते. ऊर्जा अंतराच्या वर्गाने बदलते, म्हणून ९ ऐवजी ४.४ धरले तर त्या ऐतिहासिक स्फोटाची ऊर्जा एक चतुर्थांशावर येते.

माझा प्रश्न असा आहे की रेडिओ आणि क्ष-किरण यांच्या वेळांची मिलिसेकंदांत तुलना केली गेली, तिथे धुळीने गोंधळ केला नसेल का?

सांख्यिक

नाही, आणि त्याचे कारण ऊर्जेत आहे. ती तुलना इंटिग्रलसारख्या उपकरणांनी वीस किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर केली. तिथे प्रकीर्णनाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली असते, आणि आपण पाहतो तो स्फोट जवळजवळ पूर्णपणे सरळ आलेल्या किरणांचा असतो. रेडिओ लहरींना विलंब होतो तो मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे, धुळीमुळे होत नाही. तो वारंवारतेनुसार ठरावीक पद्धतीने बदलतो, म्हणून अचूक वजा करता येतो. धुळीचा प्रश्न मृदू क्ष-किरणांत आणि स्फोटानंतरच्या काळात आहे. स्फोटाच्या क्षणाबाबत निश्चिंत राहावे.

पहाटवारा

पसरट उजेड दिसला की तो धुळीचाच, असे मग म्हणता येईल का?

मृगशीर्ष

म्हणता येणार नाही, आणि स्विफ्ट जे१८३४.९-०८४६ चे उदाहरण त्यासाठी बोलके आहे. ऑगस्ट २०११ मध्ये स्फोटामुळे सापडलेला हा मॅग्नेटार अतिशय दाट पडद्याआड आहे. त्याच्याभोवती दोन प्रकारचा पसरट उजेड दिसला: आतला सुमारे ५० विकलांपर्यंत सर्व बाजूंनी सारखा, आणि बाहेरचा त्यापलीकडे अडीच कलांपर्यंत एका बाजूला झुकलेला. आतला भाग धुळीचे खळे मानण्यात फारशी अडचण नव्हती. बाहेरच्या भागाबाबत मात्र वाद झाला. काहींनी त्यालाही धुळीचे कारण दिले, तर यूनेस आणि सहकाऱ्यांनी तो ताऱ्याच्या कणवाऱ्याने तयार झालेला अभ्र असल्याचे मांडले. २०१४ च्या निरीक्षणांत मॅग्नेटार शांत झालेला असतानाही बाहेरचा उजेड टिकून होता, आणि माझ्या दृष्टीने इथेच पारडे अभ्राकडे झुकते. प्रतिध्वनी मूळ आवाजानंतर उशिरा येऊ शकतो, पण मूळ आवाज थांबल्यावर वर्षानुवर्षे त्याच उंचीवर चालू राहत नाही.

दिशा हीदेखील खूण आहे. धुळीचे वलय उगमाभोवती केंद्रित असते. ढग सलग नसेल तर वलयाचा काही भाग फिका पडेल, पण केंद्र हलणार नाही.

खगोलमित्र कोल्हापूर

ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या विदेवर (नोंदींवर) हौशी अभ्यासकांना काही करता येईल का? त्यातील मोठ्या क्षेत्रफळाचा क्ष-किरण मापक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनला आहे, म्हणून आपुलकीने विचारतो.

दुर्बिणवाला

करता येईल, पण उपकरणाचा स्वभाव लक्षात ठेवावा लागेल. तो मापक प्रतिमा घेत नाही. एक अंशाच्या आसपासचे संपूर्ण दृश्यक्षेत्र तो एकत्र मोजतो, आणि त्याची सुरुवात ३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपासून होते. खळे पूर्णपणे त्या क्षेत्रात मावते, त्यामुळे स्थिर उगमाचे वळलेले किरण गमावण्याची भीती तिथे नाही. आधी चर्चिलेली तूट त्याला लागू होत नाही. स्फोटानंतरचा प्रतिध्वनी मात्र वगळण्याची सोयही नाही. १८ प्रती क्षीणनाच्या उदाहरणात ३ ला सुमारे १६ टक्के किरण वळलेले असतील, म्हणून शेपटीचा अभ्यास करताना ३ ते ५ आणि ८ च्या वरचा पट्टा वेगवेगळा ठेवून दोन्हींतील स्पंद ताडून पाहावेत. त्याच उपग्रहावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण प्रतिमा घेते, पण तिच्यात बिंदूचा पसाराच काही कलांचा असल्याने वलये सुटी दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक व्यावहारिक सूचना सर्वच प्रतिमांना लागू आहे. पार्श्वभूमी मोजण्यासाठी उगमाभोवतीचे कडे घेण्याची सवय मॅग्नेटारच्या स्फोटानंतर घातक ठरते, कारण प्रतिध्वनीचे वलय एखाद्या दिवशी बरोबर त्याच कड्यातून जात असते. मग आपण उगमातून धुळीचा प्रकाश वजा करतो, उगम अकारण मंद होतो, आणि दोन दिवसांनी वलय पुढे सरकले की तो पुन्हा उजळल्यासारखा भासतो. पार्श्वभूमी दूरच्या रिकाम्या जागेतून घ्यावी आणि ती जागा रोज प्रतिमेत डोळ्यांनी तपासावी.

मृगशीर्ष

कड्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पहिल्या लेखनातील ‘लहान वर्तुळ’ हा उपाय काढून टाकते. त्या जागी सांख्यिक यांची स्पंदांची कसोटी, वर्तुळाची त्रिज्या बदलून पायरी सरकते का हे पाहण्याची युक्ती आणि पार्श्वभूमीबाबतची ही सूचना घालते. १ई १५४७ च्या तीन ढगांसाठी ३०, ४७ आणि ९० विकलांच्या वर्तुळांतून वलये केव्हा बाहेर पडतात याचा तक्ता करून उद्या याच धाग्यात देते. दुर्बिणवाला यांनी काढलेले ४७ विकलांचे आकडे मी पुन्हा तपासले आहेत आणि ते बरोबर आहेत. मधल्या ढगाचे वलय त्या वर्तुळातून साधारण पावणेसहा तासांनी बाहेर पडते.